शाळा सोडली, भरलेल्या शुल्काचं काय?

नागपुरातल्या सीबीएसई शाळांचं नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीलाच सुरू होतं. तीन-चार आठवडे वर्ग भरतात, ऊन तापलं की शाळा बंद होतात आणि पुन्हा उघडतात त्या जूनमध्ये. राज्य मंडळाच्या शाळा तर विदर्भातल्या उन्हाळ्यामुळे बाकी महाराष्ट्राच्याही नंतर, जूनच्या शेवटाकडे सुरू होतात. बदल्यांचे बरेच आदेश निघतात ते नेमके या मधल्या काळात. नागपूर हे बदलीच्या नोकऱ्यांचं शहर आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे, रेल्वेच्या दोन झोनची दोन विभागीय कार्यालयं इथे, हवाई दलाची मेंटेनन्स कमांड वायुसेनानगरात. शिवाय बँका, सरकारी खाती आणि आता मिहानमधल्या कंपन्या. प्रवेशाचे पैसे डिसेंबर-जानेवारीत भरलेले असतात, मार्चमध्ये वर्षाचं किंवा पहिल्या सत्राचं शुल्कही गेलेलं असतं, आणि जूनमध्ये वडिलांच्या किंवा आईच्या हातात बिलासपूरचा, पुण्याचा नाहीतर चंद्रपूरचा आदेश पडतो. मूल वर्गात बसलेलं असतं जेमतेम वीस दिवस. मग शाळेच्या फी काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं : एकदा भरलेलं शुल्क परत मिळत नाही.

हे वाक्य बहुतेक खासगी शाळांच्या प्रवेश अर्जावर छापलेलं असतं आणि पालकांनी त्याखाली सहीही केलेली असते. त्यामुळे पुष्कळ पालक तिथूनच परत फिरतात. पण छापील वाक्य आणि सही एवढ्यावर प्रकरण संपत नाही. पालकाला किती पैसे मागता येतात हे समजून घ्यायचं, तर आधी शुल्काची पावती हातात घेऊन तिच्यावरचे रकाने वाचावे लागतात. आपण सगळ्याला मिळून ‘फी’ म्हणतो, पण पावतीवर चार-पाच वेगवेगळ्या रकमा असतात आणि शाळा सोडताना प्रत्येकीचा न्याय वेगळा होतो.

प्रवेश शुल्क हे एकदाच, नाव नोंदवण्यासाठी घेतलेलं असतं. नाव नोंदवलं, मूल वर्गात बसलं, की ते काम झालं. ते परत मागण्यात फारसा अर्थ नाही. वर्ग सुरू होण्याआधीच प्रवेश रद्द केला आणि ती जागा दुसऱ्या मुलाला मिळाली, तर मात्र मागायला जागा आहे. ट्युशन फी ही शिकवण्याची. ती महिन्यांची असते, एकरकमी भरली तरी महिन्यांचीच राहते. अनामत रक्कम, म्हणजे कॉशन मनी, ही शाळेची कमाईच नव्हे. पुस्तक हरवलं, प्रयोगशाळेत काही फुटलं, तर कापून घेण्यासाठी शाळेकडे ठेवलेले ते पालकाचेच पैसे असतात. मूल पहिल्या महिन्यात शाळा सोडो की दहाव्या वर्षी, देणं नसेल तर अनामत पूर्ण परत मिळाली पाहिजे. बसचं शुल्क हा वेगळा करार असतो. कित्येकदा बस शाळेची नसते, कंत्राटदाराची असते आणि पावतीही त्याचीच असते. जे महिने मूल बसमध्ये बसलंच नाही, त्यांचे पैसे मागायला कोणी लाजू नये. खरा वाद होतो तो सत्र शुल्क, अॅन्युअल चार्जेस, अॅक्टिव्हिटी फी अशा नावांच्या रकमांवर. शाळा म्हणते, हा वर्षाचा खर्च आम्ही आधीच करून बसलो. पालक म्हणतात, स्नेहसंमेलन डिसेंबरात, सहल जानेवारीत, आमचं मूल जूनमध्येच गेलं. माझ्या मते इथे पालकाची बाजू जास्त बळकट आहे, पण पूर्ण रकमेवर हक्क सांगण्यापेक्षा उरलेल्या महिन्यांचा हिस्सा मागावा. तसा मागितला की शाळेलाही नाही म्हणणं जड जातं.

आकडे मांडून पाहू. समजा, वर्धा रोडवरच्या एका शाळेत पालकाने प्रवेशाचे १५,०००, अनामत ५,०००, वर्षाची ट्युशन फी ७२,०००, वार्षिक उपक्रमांचे १२,००० आणि बसचे दहा महिन्यांचे १८,००० असे १,२२,००० रुपये भरले. मूल एप्रिलमध्ये शाळेत गेलं, जूनमध्ये पुन्हा जाऊ लागलं आणि २० जूनला पालकाने शाळा सोडण्याचा अर्ज दिला. ट्युशन फी महिन्याला ६,००० पडते. एप्रिल, मे, जूनचे १८,००० शाळेचे. प्रवेश अर्जात एक महिन्याच्या पूर्वसूचनेची अट असेल तर जुलैचेही ६,००० शाळेचेच. उरले ४८,०००. बस एप्रिल आणि जून या दोन महिन्यांत वापरली, त्याचे ३,६०० वजा जाता १४,४०० उरले. अनामत ५,०००. म्हणजे ज्यावर वाद घालायला फारशी जागाच नाही अशी रक्कम ६७,४०० होते. उपक्रमांच्या १२,००० पैकी उरलेल्या नऊ महिन्यांचे ९,००० मागितले, तर एकूण मागणी ७६,४०० ची. ‘सगळी फी परत करा’ म्हणणाऱ्या पालकापेक्षा असा हिशेब लिहून नेणाऱ्याला मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसायला सांगतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या शुल्कावर २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम लागू आहे. राष्ट्रपतींची संमती मिळून तो प्रत्यक्ष लागू व्हायला २०१४ साल उजाडलं आणि नियम आले २०१६ मध्ये. या कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती बंधनकारक केली. शाळेने शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा, समितीने मंजुरी द्यायची, ठरलेलं शुल्क दोन शैक्षणिक वर्षं बदलायचं नाही आणि ते सूचना फलकावर लावायचं. मतभेद झाला तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. मंजुरीपेक्षा जास्त घेतलेलं शुल्क परत करायला लावण्याचीही तरतूद कायद्यात आहे. २०२१ मध्ये नागपुरातल्या काही खासगी शाळांच्या शुल्काची शिक्षण विभागाने तपासणी केली आणि जादा रक्कम परत करण्याचे आदेश निघाले, ते याच कायद्याच्या आधारे.

पण या कायद्याचा सगळा रोख शुल्क किती असावं यावर आहे. मध्येच शाळा सोडणाऱ्याला किती परत द्यायचं, याचा टक्केवारीचा तक्ता त्यात नाही. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर शुल्काबद्दल दाद मागायला शाळेतल्या किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. जे पालक शाळेत राहणार आहेत त्यांच्यासाठी ही वाट आहे. जो पालक शाळा सोडून निघाला आहे, तो मात्र एकटा असतो. त्याच्याबरोबर सही करायला कोण येणार? या कायद्यातली ही मोठी उणीव आहे आणि ती सरकारने भरून काढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

टक्केवारीचा तक्ता आहे तो महाविद्यालयांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा त्याहून जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळतं, त्याहून कमी दिवस आधी, पण ती तारीख उलटण्यापूर्वी रद्द केला तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि नंतर काही नाही. पूर्ण परतीच्या वेळी प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के, तोही ५,००० रुपयांच्या वर नाही. मोबाइलवर फिरणारा हाच तक्ता घेऊन कितीतरी पालक शाळेत जातात आणि निराश होतात, कारण तो शाळांना लागू नाही. अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालयसुद्धा यूजीसीच्या कक्षेत येत नाही. नावात ‘महाविद्यालय’ असल्यामुळे हा घोळ नेहमी होतो.

मग शाळेच्या पालकाने कशाच्या जोरावर मागायचं? एक आधार सीबीएसईच्या संलग्नता नियमावलीत आहे. तिच्या जुन्या आवृत्तीत वर्षानुवर्षं असं कलम होतं की पालकांची बदली, मुलाची प्रकृती किंवा मुलाचा मृत्यू यामुळे वर्ष संपण्याआधी शाळा सुटली, तर तिमाही, सत्राचं किंवा वर्षाचं शुल्क उरलेल्या काळाच्या हिशेबाने परत करावं. नियमावली २०१८ मध्ये नव्याने आली आणि शुल्काच्या बाबतीत राज्याच्या कायद्यांना महत्त्व देण्यात आलं. तरी वाजवी काय, हे सांगायला त्या जुन्या कलमाचा दाखला अर्जात जरूर द्यावा. देशभरातल्या हजारो शाळा ज्या मंडळाशी जोडलेल्या आहेत, त्या मंडळानेच उरलेल्या महिन्यांचं शुल्क परत करणं योग्य मानलं होतं, हे दाखवता येतं.

दुसरा आधार आहे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४. करार मोडला म्हणून समोरच्याची रक्कम सरसकट जप्त करता येत नाही, वाजवी भरपाईपुरतीच ठेवता येते, हा त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका भूखंडाच्या खटल्यात तो आणखी स्पष्ट केला : नुकसान झालंच नसेल तर अनामत गिळता येणार नाही. शाळेला लावून पाहिलं तर प्रश्न सरळ होतो. मूल गेल्यावर ती जागा भरली का? भरली असेल, आणि नव्या पालकाकडून पूर्ण वर्षाचं शुल्क घेतलं असेल, तर शाळेचं नुकसान कुठे झालं? एकाच बाकाचे पैसे दोघांकडून कसे घेता येतील? म्हणून अर्जात ‘रिक्त झालेल्या जागेवर दुसरा प्रवेश दिला असल्यास तसं कळवावं’ अशी एक ओळ घालावी. उत्तर आलं तरी कामाचं, आणि उत्तर टाळलं गेलं तरी पुढे वकिलाच्या उपयोगी पडतं.

तिसरा आधार करोनाकाळातला. ३ मे २०२१ रोजी जोधपूरच्या इंडियन स्कूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०-२१ या वर्षाच्या शुल्कात १५ टक्के कपात करायला सांगितली. ज्या सोयी विद्यार्थ्यांनी वापरल्याच नाहीत, ज्यांवर शाळेचा खर्चही झाला नाही, त्यांचे पैसे घेणं ही नफेखोरी ठरेल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी २०२१-२२ साठी १५ टक्के कपातीचा निर्णय काढला, आणि ज्यांनी पूर्ण भरलं होतं त्यांची रक्कम पुढच्या हप्त्यात वळती करा किंवा परत द्या, असं त्यात म्हटलं. शाळांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं आणि पुष्कळ पालकांच्या हाती शेवटी काही पडलं नाही. पण न दिलेल्या सोयीचे पैसे ठेवून घेता येत नाहीत, हे तत्त्व त्या निकालाने लिहून ठेवलं आहे.

पैशाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, अडवणूक होते ती टीसीवरून. राज्य मंडळाच्या शाळांत त्यालाच शाळा सोडल्याचा दाखला किंवा एलसी म्हणतात. जुलैत नव्या गावी प्रवेश घ्यायचा असतो आणि इकडे शाळा सांगते, ‘पुढच्या तिमाहीचं भरा, मगच टीसी.’ पालक घाबरून भरतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ याचं कलम ५ इथे तोंडपाठ असायला हवं. पहिली ते आठवीच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. त्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. जाणूनबुजून उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने जून २०२१ मध्ये, करोनात शुल्क थकलेल्या मुलांची कोंडी पाहून, दाखला नसला तरी दहावीपर्यंतच्या मुलांना सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत प्रवेश देण्याचे आदेश काढले. मद्रास उच्च न्यायालयाने तर जुलै २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलं की टीसी हे शुल्कवसुलीचं हत्यार नाही आणि थकबाकीची नोंद टीसीवर करू नये. शाळेचं खरंच देणं असेल तर ते वसूल करायला दिवाणी मार्ग शाळेलाही मोकळा आहे. त्यासाठी मुलाचं वर्ष ओलीस धरणं मला अक्षम्य वाटतं.

दाखल्याच्या कागदाबरोबर आता संगणकातली नोंदही सुटावी लागते. सरल आणि यू-डायस या प्रणालींत मुलाचं नाव जुन्या शाळेच्या खात्यावर असतं. जुन्या शाळेने ते सोडल्याशिवाय नव्या शाळेला ते स्वतःकडे घेता येत नाही. कागद हातात आला म्हणून निर्धास्त राहू नये, नव्या शाळेतल्या क्लार्कला विचारून नाव ऑनलाइन आलं का ते पाहावं. नववी आणि अकरावीत जास्त जपावं लागतं, कारण सीबीएसईत दहावी-बारावीची नोंदणी त्याच वर्षांत होते आणि थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश हा पालकाची बदली यांसारख्या ठरावीक कारणांसाठीच मिळतो. बदलीच्या आदेशाची प्रत म्हणूनच सोन्याच्या मोलाची.

अर्ज तोंडी देऊ नये, व्हॉट्सअॅपवर वर्गशिक्षिकेला कळवून थांबू नये. साधा एक पानी अर्ज पुरतो : मुलाचं नाव, इयत्ता-तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक, शाळा सोडण्याची तारीख, कारण, भरलेल्या पावत्यांचे क्रमांक व तारखा, रकान्यांप्रमाणे मागणी, बँक खात्याचा तपशील आणि सोबत बदलीच्या आदेशाची प्रत. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी ईमेल करावा आणि स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा. पूर्वसूचनेचा महिना अर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजला जातो. पालक ‘आदेश रद्द होईल का’ हे पाहत महिनाभर थांबतात आणि तेवढ्यात दुसऱ्या तिमाहीचं देणं अंगावर येतं. आदेश रद्द झाला तर अर्ज मागे घेता येतो. मागची तारीख मात्र परत आणता येत नाही.

पैसे कसे भरले, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. हल्ली शुल्काचे मासिक हप्ते पाडून देणाऱ्या वित्त कंपन्या शाळांशी जोडलेल्या असतात. पालकाला वाटतं आपण शाळेला हप्ते देतोय. प्रत्यक्षात कंपनीने शाळेला रक्कम आधीच देऊन टाकलेली असते आणि पालकाच्या नावावर कर्ज असतं. मूल शाळेतून गेलं तरी हप्ता चालूच राहतो, चुकला तर सिबिलवर डाग पडतो. अशा वेळी शाळेला अर्ज दिला त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवावं.

नागपुरात आणखी एक जोडप्रकार आहे : टाय-अपचं कनिष्ठ महाविद्यालय आणि कोचिंग. अकरावीला कॉलेजची पावती वेगळी, नीट-जेईईच्या क्लासची वेगळी, आणि मोठी रक्कम दुसरीवर असते. तिच्यावर १८ टक्के जीएसटीही लागलेला असतो. इथे पालकाची स्थिती शाळेच्या पालकापेक्षा चांगली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण पैसे भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचं शुल्क दहा दिवसांत परत करायचं आहे, वसतिगृह आणि मेसचंसुद्धा. शिवाय कोचिंगवाले ग्राहक आयोगापुढे खेचले जातात. शाळांच्या बाबतीत हे दार सध्या जवळजवळ बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत असं ठरवलं, पण कोचिंगला त्यातून वगळलं. या निकालाविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दाखल करून घेतलं. क्लासबद्दलची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते आणि तिथून न सुटल्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.

शाळेच्या पालकाने आधी सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी, पहिली ते आठवी असेल तर प्राथमिक विभागाकडे, पुढे माध्यमिककडे. त्यांच्यानंतर विभागीय शिक्षण उपसंचालक. टीसीची अडवणूक असेल तर या पायऱ्यांवर ती बहुतेक सुटते. पैशाच्या बाबतीत अधिकारी शाळेला पत्र देतात, वसूल करून देतीलच असं नाही. तिथे अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज द्यावा. लोक अदालतीत शुल्क लागत नाही, तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं, आणि साठ-सत्तर हजारांसाठी दिवाणी दावा लढण्यापेक्षा दोन्ही बाजूंना ते परवडतं.

आणि ज्यांची मुलं याच वर्षी दहावी किंवा बारावी होऊन शाळेबाहेर पडली, त्यांनी पहिलीच्या नाहीतर नर्सरीच्या प्रवेशाची जुनी पावती शोधून काढावी. दहा-बारा वर्षांपूर्वी भरलेली अनामत बहुतेकांच्या लक्षातही नसते आणि शाळा स्वतःहून बोलावून ती देईल याची खात्री नाही. किती दिवसांत मागायची याची मुदत काही शाळांनी अर्जावरच छापलेली असते. ती पाहून, निकालाची गुणपत्रिका आणि टीसी घ्यायला जाल त्याच दिवशी, नो ड्यूजच्या कागदासोबत अनामतीचा अर्जही देऊन यावा.